एकच तळं, सगळे ऋतू : चित्रकार आबालाल रहिमान कोण होते?

शीव कोळीवाडा, मुंबई : पावसाळा आला की मुंबईच्या कलादालनांमध्ये निसर्गचित्रांची प्रदर्शनं लागतात. कुठे श्रावणातले हिरवे डोंगर, कुठे भिजलेले रस्ते, कुठे मे महिन्यातला गुलमोहर. आपण फोनवर चार फोटो काढतो आणि पुढे सरकतो.

पण ऋतूंचं असं एक प्रदर्शन आहे, जे आता पूर्ण भरवणं कुणालाच शक्य नाही. त्यात एकाच तळ्याची शेकडो चित्रं लागली असती. तेच तळं पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला. तेच तळं आषाढात गढूळ, शरदात आरशासारखं आणि वैशाखात आटलेलं. हे तळं म्हणजे कोल्हापूरचं कोटितीर्थ, आणि ते रंगवणारे चित्रकार आबालाल रहिमान. त्यांची बहुतेक चित्रं आज हाती नाहीत.

आबालाल कोण होते, ते मुंबईत काय शिकले, एकाच तळ्यापाशी इतकी वर्षं का थांबले आणि त्यांच्या चित्रांचं पुढे काय झालं, ते समजून घेऊ.

हस्तलिखितांच्या घरातला मुलगा

आबालाल यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. घरात पिढ्यान्‌पिढ्या कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं काम चालत आलं होतं. सुंदर अक्षर, समासातली नक्षी, सोनेरी शाई हे सगळं मुलाच्या डोळ्यांसमोर रोज होतं. फारसी, अरबी आणि संस्कृत या भाषांशी त्यांची ओळख होती. त्यामुळे आबालाल यांच्या हाताला पहिलं वळण मिळालं ते सुलेखनाचं. बोरू किती दाबायचा, शाई किती घ्यायची आणि एकदा उमटलेली रेघ पुसता येत नाही, हे त्यांना फार लवकर कळलं असणार. जलरंगाचा नियमही हाच आहे.

त्यांच्या शिक्षणाची गोष्ट अशी सांगितली जाते. कोल्हापुरातल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याची पत्नी आबालाल यांच्या वडिलांकडे फारसी शिकत असे. मुलाची चित्रं तिच्या नजरेस पडली आणि त्याला मुंबईला, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची वाट मोकळी झाली.

मुंबईतली वर्षं

कोळीवाड्यातल्या वाचकांना जेजे लांब नाही. गुरू तेगबहादूर नगर स्टेशनातून, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या कोळीवाडा स्टेशनातून, हार्बरची लोकल पकडायची आणि सीएसएमटीला उतरायचं. तिथून जेजेचं आवार चालत काही मिनिटांवर आहे.

ही संस्था १८५७ मध्ये सुरू झाली आणि १८७८ मध्ये आजच्या इमारतीत आली. त्याच वर्षी शेजारी व्हिक्टोरिया टर्मिनसचं बांधकाम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. आज आपण ज्या दगडी पानाफुलांखालून, माकडांखालून आणि मोरांखालून घाईनं जातो, त्या सजावटीत जेजेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा जेजेचे प्रमुख होते. १८७२ ते १८८५ या काळात त्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांचे गट अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला उतरवत होते.

आबालाल शिकले ते या वातावरणात. अभ्यासक्रम कडक होता. आधी पुतळ्यांवरून रेखाटन, मग जिवंत माणसावरून, मग छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन. आबालाल यांनी हे सगळं पक्कं आत्मसात केलं. त्यांची विद्यार्थिदशेतली रेखाटनं इतकी अचूक होती, की संस्थेनं ती पुढच्या विद्यार्थ्यांसाठी नमुना म्हणून जपून ठेवली.

१८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं.

पदक मिळालं, मग मुंबई का सोडली?

हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८८८ मध्येच बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. चित्रकारांना प्रदर्शन, बक्षीस आणि गिऱ्हाईक मिळवून देणारी व्यवस्था मुंबईत नुकती उभी राहत होती. सहा वर्षांनी, १८९४ मध्ये, राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि देवदेवतांची चित्रं घराघरांत पोचू लागली. श्रीमंत पारशी, गुजराती आणि मराठी घरांतून व्यक्तिचित्रांना मागणी होती. सुवर्णपदकाचा मानकरी या शहरात उपाशी राहिला नसता.

आबालाल मात्र घरच्या अडचणींमुळे कोल्हापूरला परतले आणि तिथेच राहिले.

कोल्हापूर तेव्हा मोठं संस्थान असलं, तरी चित्रांच्या बाजाराच्या हिशेबानं लहानच होतं. तिथे कलादालन नव्हतं, निसर्गचित्र विकत घेणारा ग्राहकही जवळजवळ नव्हता. व्यक्तिचित्र सांगून काढून घेतात. तळ्याचं चित्र कोण सांगणार? म्हणजे आबालाल यांनी पुढची अनेक वर्षं जे काम सर्वांत जास्त केलं, त्याची ऑर्डर कुणीच दिलेली नव्हती.

कोटितीर्थच का?

कोटितीर्थ तलाव आज कोल्हापूर शहराच्या वस्तीत आहे. आबालाल यांच्या काळात तो गावाबाहेरचा शांत भाग होता. पाणी, झाडी, काठावरचं महादेवाचं देऊळ आणि वर मोकळं आकाश. आबालाल या परिसरात राहिले आणि रोज हेच रंगवत राहिले. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा काठ हेही त्यांच्या चित्रांत येतात. पण त्यांचं नाव जोडलं गेलं ते कोटितीर्थाशी.

पाणी का, हा प्रश्न सरळ आहे. जमीन आणि दगड ऋतूप्रमाणे सावकाश बदलतात. पाणी तासातासाला बदलतं. त्यात आकाश उतरतं, म्हणून एकाच चित्रात वरचा उजेडही दिसतो आणि त्याचं प्रतिबिंबही. शिवाय तळ्याची पातळी म्हणजे पावसाचा वर्षभराचा हिशेबच. रंकाळ्यातला संध्यामठ हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. पाणी चढलं की तो दगडी मंडप बुडू लागतो आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडा पडतो. मठ किती दिसतो यावरून महिना ओळखता येतो.

शीवच्या रहिवाशांना ही नजर परकी नाही. शीव म्हणजेच सीमा, मुंबई बेटाची हद्द. इथल्या किल्ल्याच्या टेकडीवर जून, ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये गेलं, तर समोर तीन वेगळी शहरं दिसतात. एक पावसानं पुसलेलं, एक लख्ख धुतलेलं आणि एक धुरकट. कोळी माणसं तर वर्षच समुद्राकडे पाहून मोजतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यात. एका जागी राहणाऱ्यालाच ऋतूची बारीक हालचाल कळते. आबालाल यांनी तेच केलं, हातात कुंचला घेऊन.

ऋतू रंगवायचा म्हणजे नेमकं काय?

भारतीय चित्रकलेला ऋतू नवे नव्हते. राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांमध्ये बारमासा नावाचा प्रकारच आहे. बारा महिन्यांची बारा चित्रं. त्यात पाऊस म्हणजे काळे ढग, त्यांवर पांढऱ्या बगळ्यांची रांग, मोर आणि वाट पाहणारी नायिका. तिथे ऋतू खुणांनी सांगितला जातो. खूण ओळखली की महिना कळतो.

आबालाल यांची रीत वेगळी होती. ते समोर बसून, जे दिसतं त्यावरून ऋतू पकडत होते. मोर किंवा नायिका नाही, फक्त उजेड, हवा आणि पाणी. सोप्या भाषेत हे असं समजून घेता येईल.

• ग्रीष्म : हवेत धूळ जास्त असते. लांबच्या गोष्टी फिकट आणि करड्या दिसतात. पाणी मागे सरतं आणि काठाचा चिखल उघडा पडतो.

• वर्षा : सूर्य ढगांआड असतो, त्यामुळे सावल्यांना कडा राहत नाहीत. हिरवा रंग गडद होतो, पाणी गढूळ होतं आणि त्यात आकाश नीट दिसत नाही.

• शरद : पावसानं हवा धुतलेली असते. लांबची झाडंही ठळक दिसतात. पाणी निवळतं आणि प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण उमटतं.

• हेमंत आणि शिशिर : सकाळी पाण्यावर धुकं असतं. सूर्य खाली असतो, म्हणून सावल्या लांब पडतात आणि उजेड पिवळसर वाटतो.

• वसंत : पानगळीनंतरची कोवळी पालवी. हिरव्यात पिवळा आणि तांबूस जास्त.

सकाळ-संध्याकाळचा उजेड तांबडा का, याचं कारणही सोपं आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणाचा जास्त जाड थर ओलांडावा लागतो. वाटेत निळा प्रकाश विखुरतो, तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. हा खेळ जेमतेम काही मिनिटं चालतो. चित्रकाराकडे तेवढाच वेळ असतो. म्हणून अशी चित्रं आकारानं लहान आणि हात चपळ असावा लागतो.

आबालाल यांनी तैलरंग हाताळले, पारदर्शक जलरंग हाताळले आणि अपारदर्शक जलरंगही. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत, कागदाचा पांढरेपणाच उजेड म्हणून राखून ठेवतात. कुठे रंग लावायचा नाही, हे आधी ठरवावं लागतं. पावसाळ्यात कागद लवकर वाळत नाही, उन्हाळ्यात रंग पसरायच्या आत सुकतो. म्हणजे ऋतू चित्राच्या विषयात असतो, तसाच चित्राच्या तंत्रातही शिरतो.

तिकडे मोने, इकडे आबालाल

याच काळात फ्रान्समध्ये क्लोद मोने हेच करत होते. १८९०-९१ मध्ये त्यांनी शेतातल्या धान्याच्या गंजी वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या ऋतूंत रंगवल्या. मग रूआं शहरातलं कॅथीड्रल. आणि आयुष्याची शेवटची जवळपास तीन दशकं जिव्हर्नी गावातल्या आपल्या बागेतलं कमळांचं तळं.

दोघांची तुलना मोहात पाडणारी आहे. दोघांनी एकच तळं पुन्हा पुन्हा रंगवलं आणि दोघांच्या मृत्यूत अंतर फक्त पाच वर्षांचं. मोने १९२६ मध्ये गेले, आबालाल १९३१ मध्ये. पण आबालाल यांची वाट जेजेच्या शिस्तीतून आणि घरच्या सुलेखनातून आली होती. त्यांना कोल्हापूरचे मोने म्हणण्यात कौतुक असलं, तरी त्यात त्यांचं स्वतःचं श्रेय थोडं कमी होतं.

खरा फरक चित्रांच्या नंतरच्या आयुष्यात आहे. मोने यांच्या गंजींची चित्रं १८९१ मध्ये पॅरिसच्या एका व्यापाऱ्यानं प्रदर्शनात मांडली आणि ती विकली गेली. त्यांच्या कमळांच्या भव्य चित्रांसाठी फ्रेंच सरकारनं ऑरेंजरी संग्रहालयात दोन लंबगोल दालनं तयार केली. ती १९२७ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि आजही तिथे रांगा लागतात. कोटितीर्थाच्या वाट्याला असं दालन आलं नाही.

शाहू महाराजांचा आधार

आबालाल पूर्ण एकाकी मात्र नव्हते. १८९४ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला. आरक्षण, वसतिगृहं, मोफत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, राधानगरीचं धरण ही त्यांची कामं सर्वांना माहीत आहेत. त्याच महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, नाटकासाठी पॅलेस थिएटर उभारलं आणि अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गायकाला दरबारात आणलं. आबालाल यांनाही त्यांनी दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

दरबारी चित्रकार म्हटलं की राजाची व्यक्तिचित्रं आणि समारंभ एवढंच डोळ्यांसमोर येतं. आबालाल यांच्या बाबतीत या आधाराचा अर्थ आणखी मोठा होता. पोटाची काळजी थोडी मिटली, म्हणून तळ्याकाठी बसता आलं. ज्याला बाजारात गिऱ्हाईक नव्हतं, ते काम त्या आधारावर चालू राहिलं.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचं मुंबईत, गिरगावातल्या खेतवाडीत निधन झालं. वय अवघं ४७. यानंतरची गोष्ट कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आश्रयदाता गेल्याच्या दुःखात आबालाल यांनी आपली बहुतेक चित्रं पाण्यात सोडली, असं म्हणतात. ज्या पाण्यानं त्यांना चित्रं दिली, त्यालाच ती परत केली, असा या कथेचा सूर असतो.

कथा ऐकायला देखणी आहे. तिच्यामागचं नुकसान मात्र देखणं नाही.

वीस हजार चित्रांचं गणित

आबालाल यांनी आयुष्यात सुमारे वीस हजार चित्रं काढली, असं सांगितलं जातं. साधा हिशेब करून पाहू. १८८८ ते १९३१ म्हणजे ४३ वर्षं, जवळपास १५ हजार ७०० दिवस. वीस हजारांना त्यानं भागलं तर रोज सव्वा चित्र येतं, एकही दिवस न चुकवता.

मोठ्या तैलचित्रांच्या बाबतीत हे अशक्य आहे. पण तळ्याकाठी बसून केलेली छोटी जलरंगचित्रं, पेन्सिलची टिपणं आणि रंगांचे नमुने धरले, तर रोज एक-दोन ही संख्या अगदीच अवाक्याबाहेरची नाही. आणि समजा आकडा निम्मा धरला किंवा पाव धरला, तरी ती काही हजार चित्रं होतात. आज जी पाहता येतात, ती त्या मानानं मूठभर आहेत.

२८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल यांचं निधन झालं. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या पिढीतल्या कोल्हापूरच्या चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानलं. याच बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि त्यांच्या हाताखाली व्ही. शांताराम तयार झाले. कोल्हापूरच्या बोलपटांत आणि मूकपटांत दिसणाऱ्या पडद्यांमागे, उजेडाच्या जाणिवेमागे चित्रकारांची ही परंपरा उभी आहे.

चित्रं हरवतात कशी?

पाण्यात सोडल्याची कथा बाजूला ठेवली, तरी त्या काळातली कागदावरची चित्रं फार टिकत नाहीत. कारणं अशी :

• प्रकाश : जलरंग उन्हानं विटतात. म्हणून संग्रहालयांमध्ये अशा चित्रांवर साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात. खिडकीजवळच्या भिंतीवर दिवसा याच्या कितीतरी पट उजेड असतो.

• दमट हवा : पावसाळ्यात कागदावर बुरशी धरते आणि तपकिरी डाग पडतात. मुंबई आणि कोल्हापूर दोन्ही ठिकाणी हा धोका वर्षातले चार महिने असतो.

• आम्ल : स्वस्त कागद आणि फ्रेममागचा पुठ्ठा यांत आम्ल असतं. त्यानं चित्र पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं.

• कसर आणि वाळवी : माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवलेल्या कागदांचा हा नेहमीचा शेवट.

हे कोल्हापूरपुरतं नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या अनेक घरांत आजोबा किंवा पणजोबा जेजेत शिकलेले असतात आणि त्यांची एखादी वही माळ्यावर पडलेली असते. इमारत पुनर्विकासाला गेली की सामान आवरताना अशा वह्या रद्दीत जातात. तशी वही घरात असेल तर तिला लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका. आम्लरहित कागदात सपाट ठेवा, भिंतीपासून आणि ओलीपासून लांब. प्रत्येक चित्राचा दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा आणि मागे काही लिहिलं असेल तर त्याचाही काढा. जागा आणि महिना लिहिलेला असेल, तर ती त्या परिसराची नोंद आहे. असं जुनं तळं, जुनी मिठागरं किंवा जुनी झाडं पुन्हा पाहता येणार नाहीत.

आज काय पाहता येईल?

कोल्हापूरला जाणार असाल, तर टाऊन हॉल संग्रहालयात कोल्हापूरच्या चित्रकारांचं दालन आहे. तिथे आबालाल यांची चित्रं आहेत. शहरातच कोटितीर्थ आहे, मात्र आता त्याच्याभोवती वस्ती आहे. जवळच शाहू मिलचं आवार आहे. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी ही गिरणी सुरू केली, तेव्हा आबालाल हयात होते. तळ्याच्या शेजारी धुराडं उभं राहताना त्यांनी पाहिलं असणार. तळ्यातलं प्रदूषण हा आता कोल्हापूरकरांच्या नेहमीच्या तक्रारीचा विषय आहे.

संग्रहालयात गेल्यावर एक करून पाहा. चित्राखालची पाटी वाचण्याआधी महिना ओळखायचा प्रयत्न करा. सावलीची कड पाहा, लांबची झाडं किती स्पष्ट आहेत ते पाहा, पाण्यात आकाश दिसतं का ते पाहा. ऋतूंच्या कुठल्याही प्रदर्शनात, मग ते मुंबईत का असेना, ही युक्ती चालते. महिना ओळखता आला, तर चित्रकार त्या जागी खरोखर बसला होता असं समजायला हरकत नाही.